गोमंतकातील चर्चगायक आणि स्वरलिपीचे वाचन

गोमंतकीय ख्रिस्ती समाजाच्या संगीतप्रेमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चर्चमध्ये गाणाऱ्या साध्या खेडवळ मुलालाही कागदावरील स्वर वाचता येत असत, ही गोष्ट मात्र सहसा ओझरती सांगितली जाते. वस्तुतः या प्रदेशाच्या संगीताला वेगळे वळण लागले ते याच विद्येमुळे.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा शहर जिंकले आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गावोगावच्या चर्चना जोडून शाळा निघू लागल्या. मिस्सा, सण, अंत्यविधी या सर्वांना गायकवृंद आवश्यक. तो लिस्बनहून आणणे शक्य नव्हते. म्हणून धर्मशिक्षण व अक्षरओळख यांच्या जोडीने मुलांना संगीत शिकविण्यात येऊ लागले. शिकविणारा ‘मेस्त्रे कापेला’ हाच रविवारी चर्चच्या माळ्यावरील गायकांचा नायक असे.

त्याची पद्धत मूळची युरोपातील. अकराव्या शतकात आरेझ्झोच्या गीदो नामक मठवासीयाने रेघांवर स्वर मांडून त्यांना अक्षरनामे दिली, आणि दहा वर्षांचे शिक्षण एकदोन वर्षांत आटोपते असा दावा केला. गोव्यातील मुलगाही प्रथम शब्द गात नसे. हाताने ताल धरून तो स्वरांची केवळ नावे म्हणे, मग ती सुरात म्हणे. शब्दांची पाळी त्यानंतर. यालाच ‘सोल्फेज’ म्हणत. बरोबरीने व्हायोलिनही हाती येई.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्याकडील षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे खालीवर सरकतो. पोर्तुगीज परंपरेतील ‘दो’ आपल्या उंचीवर अचल असतो. शिवाय आपला शिष्य गुरूच्या मुखातील स्वरसंगती ऐकून ती घोकतो, आणि एकाच स्वरधारेच्या संगीतात तेवढे पुरते. चर्चमध्ये दोनतीन आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांनी चालत. शेजाऱ्याचा सूर कानावर आदळत असता आपली वाट न सोडणे केवळ स्मरणाच्या बळावर कठीण. तेथे कागदाचाच आधार हवा. स्वरवाचनाची ही निकड बहुस्वरी गायनातून उत्पन्न झाली होती.

परंतु हे वाचन अर्धेच होते. लॅटिन शब्दाचे प्रत्येक अक्षर नेमक्या स्वरावर ठेवणाऱ्या मुलाला त्या शब्दाचा अर्थ बहुधा कळत नसे. घरातील क्रूसापुढे, व्हायोलिनच्या साथीने म्हटली जाणारी लादाइन्यदेखील लॅटिनच. ज्या सत्तेच्या छायेत ही विद्या दिली गेली, त्याच सत्तेच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने लग्नसमारंभांतील ओव्यांवर बंदी घातली, हेही विसरून चालणार नाही. नवी विद्या मिळत असतानाच आईच्या तोंडचे गाणे गुन्हा ठरत होते. या शाळांचा गौरव करणारे लेखक ही बाजू फार लवकर ओलांडून जातात. विद्येची व्याप्तीही मर्यादित होती. चर्चचा गायकवर्ग प्रामुख्याने मुलांचा व पुरुषांचा असे. दहाव्या पायस पोपच्या १९०३ च्या आज्ञापत्राने तर उपासनेतील गायकवृंदात स्त्रियांना स्थान नाही, असे स्पष्टच सांगितले.

ही विद्या चर्चच्या भिंतींआड मात्र राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या मांडोतील दोन आवाजांची जोडगोळी माळ्यावरच्या सवयीतून आलेली दिसते. पुढे पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या गोमंतकीयांना बँडमध्ये, हॉटेलांत आणि मूकपटांच्या वाद्यवृंदांत काम मिळाले, ते समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजविता येत असे म्हणून. बोलपटांच्या काळात या कौशल्याची मागणी आणखी वाढली. संगीतदिग्दर्शकाने हार्मोनियमवर गुणगुणलेली चाल लिहून काढणे व तिचे वाद्यनिहाय भाग पाडणे, हे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्यांनी केले. गोन्साल्विस यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चचे गायननायक होते, ही माहिती या दृष्टीने बोलकी आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना उपासनेची वाट मोकळी केली. कोकणी गीते आली आणि माळ्यावरील मोजक्या गायकांबरोबर खालची सारी मंडळीही गाऊ लागली. आपण काय गातो हे आता गाणाऱ्याला उमगू लागले. पण सर्वांनी मिळून म्हणावयाची चाल दोन वेळा ऐकली की येते, तिला स्वरलिपीची गरज उरली नाही. उपवासकाळातील जुनी लॅटिन मोतेत मात्र गोव्यातील काही चर्चमधून आजही ऐकू येतात, आणि ती गाण्यासाठी कागद वाचणारे गायक शोधावे लागतात.