वसतिगृहातील सोबती

नवा विद्यार्थी वसतिगृहात आला की त्याची खोली कोणती आणि सोबती कोण, हे आज बहुधा गुणांच्या यादीवरून वा रेक्टरच्या मर्जीने ठरते. शंभर वर्षांपूर्वी हे ठरविणारी गोष्ट जात होती.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. परंतु पुढे तेथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. तेव्हा महाराजांनी १९०१ पासून समाजवार वसतिगृहांस आश्रय दिला. मराठा बोर्डिंगबरोबरच दिगंबर जैन बोर्डिंग त्याच वर्षी उभे राहिले. रात्रिभोजनत्याग व शुद्ध आहार सांभाळून मुलगा शिकू शकतो, हा भरवसा खेड्यातील जैन शेतकऱ्यास तेथे मिळाला. हे उपकार लहान नव्हेत.

त्याच बोर्डिंगात कुंभोजचे भाऊराव पाटील राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर त्यांनी स्नान करण्यास नकार दिला व त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्या इतिहासातील हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही.

भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीस जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. जैन संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या अन्नासाठी अंगावरील दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही.