बहुव्रीही प्राणी

शिरूर आणि दौंड या शेजारच्या तालुक्यांत मराठी शिकवणाऱ्या आम्हा काही अध्यापकांवर यंदा एक वेगळेच काम येऊन पडले. विद्यार्थ्यांनी काल्पनिक संमिश्र प्राण्यांचे चित्रप्रदर्शन भरवायचे ठरवले होते आणि त्यासाठी कल्पना सुचवाव्यात, चित्रांखाली चार ओळी लिहून द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. पहिली कच्ची चित्रे समोर आली तेव्हा आम्ही थोडे हिरमुसलो. वाघाला पंख, घोड्याला शिंग, माशाला पाय. रंग भडक, अवयव पुष्कळ. पण प्राणी मुके. इतके अवयव असूनही ते काहीच का बोलत नाहीत, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर आम्हाला आमच्याच व्याकरणाच्या तासाला सापडले.

द्वंद्व समासात दोन्ही पदे शेजारी शेजारी उभी असतात. ‘आईवडील’ म्हणताना आई आई राहते, वडील वडील राहतात. बहुव्रीहीत मात्र दोन्ही पदे गौण होतात आणि त्यांच्यापलीकडचे तिसरेच कोणी सूचित होते. विद्यार्थ्यांचे पंखवाले वाघ हे द्वंद्व होते. संमिश्र प्राणी खरा होतो तो बहुव्रीहीत.

याचे सर्वांत परिचित उदाहरण आमच्या दाराशीच आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती. दौंडकडून भीमा ओलांडली की सिद्धटेकचा सिद्धिविनायक. ‘गजानन’ हा शब्दच बहुव्रीही: गजाचे आनन आहे ज्याला, असा तो. त्यात हत्ती नाही, माणूसही नाही. दोहोंपलीकडचे दैवत आहे. चतुर्थीला रांगेत उभ्या राहणाऱ्या एकाही भाविकाला आपण संमिश्र देहापुढे उभे आहोत असे वाटत नाही. जोड इतका पूर्ण झाला आहे की तो दिसेनासा झाला आहे.

हा जोड पुन्हा दिसावा असे वाटत असेल, तर यवतजवळच्या डोंगरावरील भुलेश्वराच्या मंदिरात जावे. यवत दौंड तालुक्यात, मंदिर पुरंदर तालुक्यात. या यादवकालीन मंदिरात गणेशाचे स्त्रीरूप कोरलेले आहे. गजमुख तेच, देह मात्र देवीचा. विद्यार्थी तिच्यासमोर थबकतात, कारण सवयीचा समास येथे अचानक पुन्हा विग्रह मागू लागतो. ही लहर एकट्या शिल्पकाराची नव्हे. जबलपूरजवळ भेडाघाट येथील योगिनींच्या मंदिरातही पशुमुखी देवींच्या मूर्ती आहेत. भुलेश्वराची देवी त्या विस्तृत परंपरेची आपल्या परिसरातील खूण आहे.

याच यादवकाळात, शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या आरंभीचे गणेशरूपक आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. पण ते शिल्पशास्त्राच्या दृष्टीने क्वचितच पाहतो. तेथे सहा दर्शने सहा भुजा होतात, तर्क परशू होतो, वेदान्त मोदक होतो, खंडित झालेले बौद्धमत मोडका दात ठरते, आणि ओंकाराच्या तीन मात्रांतून चरण, उदर व मस्तक घडते. एकही अवयव शोभेसाठी नाही. पाथरवट दगडात जे करत होता तेच कवी शब्दांत करत होता: प्रत्येक अवयवाला अर्थाचे काम नेमून देणे.

अर्थ नेमला गेला की त्यावरून वादही संभवतो. सिंहदेही शरभ हे नरसिंहाला शांत करणारे शिवाचे रूप, असे शैवांनी सांगितले. बाराव्या शतकातील दारासुरमच्या चोळ मंदिरात ते शिल्पित आहे. त्याला उत्तर म्हणून वैष्णवांनी नरसिंहाचेच गंडभेरुंड रूप पुढे आणले. पुढे हा द्विमुखी पक्षी विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर हत्तींना पकडून अवतरला, आणि आपल्याकडील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभही हत्तींना पंजांत धरून उभा राहिला. दरवाजातून आत येणाऱ्याला, आपण कोणाच्या सत्तेत पाऊल टाकतो आहोत, हे न वाचता कळावे यासाठी. येथे प्राणी म्हणजे राजकीय विधान आहे.

मग केवळ गंमत म्हणून काही जोडूच नये काय? तसेही नाही. बंगालीत सुकुमार राय यांनी 1923 च्या ‘आबोल ताबोल’मध्ये व्याकरण धाब्यावर बसवून हांस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर यांचा ‘हांसजारू’ केला. परंतु नीट पाहिले तर जोड तेथेच बसला आहे जेथे दोन्ही शब्दांत ‘स’ सामाईक आहे. व्याकरण न मानणाऱ्यानेही सांधा अचूक शोधला होता. चित्रकारालाही हाच धडा: दोन देहांत जी रेषा सामाईक असेल तेथे जोडावे.

हे सारे बोलून झाल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न दिले. तुमच्या प्राण्याचा सांधा कोठे आहे? आणि त्याचा विग्रह केल्यावर कोणते तिसरे पद हाती लागते?

पुढच्या आठवड्यात शिरूरच्या ऊसपट्ट्यातील एका मुलीने चित्र आणले. बिबट्या होता, पण त्याच्या अंगावरचे केस उसाची पाती होती, आणि पाचट कोठे संपते व शेपूट कोठे सुरू होते हे कळत नव्हते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही जीव गेले. त्या दिवसांत संध्याकाळी वर्ग लवकर सोडावे लागत, हे आम्ही विसरलेलो नाही. ज्याने जंगल पाहिलेलेच नाही, जो उसात जन्मला आणि उसातच वाढला, तो प्राणी रानटी म्हणावा की आपल्याच शेतीचे अपत्य? हा प्रश्न तिने कोठेही लिहिला नव्हता. तो त्या पात्यांच्या आणि केसांच्या सामाईक रेषेत होता.

चित्राखाली चार ओळी लिहून देण्याचे आमचे काम होते. या एका चित्राखाली आम्ही काहीही लिहिले नाही. त्याचा समास तिने सोडवला होता. विग्रह आता पाहणाऱ्याने करायचा आहे.