टायरच्या कडेवरचे चार आकडे : एक दस्तऐवज वाचताना

मागच्या वेळी आपण सरकारी अहवाल कसा वाचायचा ते पाहिलं होतं. आज अहवाल नाही, टायर. हसू नका. साधन म्हणजे फक्त अभिलेखागारातला पिवळा कागद असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी तर हे नक्की वाचा. पीएचडीच्या मुलाखतीत ‘तुमची साधनं कोणती?’ हा प्रश्न येतोच, आणि त्यावर बहुतेक जण फक्त ग्रंथालयांची नावं सांगून मोकळे होतात.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही नागपूरला निघालो होतो, समृद्धी महामार्गानं. त्याआधीच्या वर्षी परिवहन विभागानं या रस्त्यावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली होती, आणि फार झिजलेले असतील तर गाडी परत पाठवत होते. सलग सिमेंटचा रस्ता, ताशी १२० ची मुभा आणि कडक पडलेला जुना टायर, हे तिन्ही एकत्र आले की काय होतं ते वर्तमानपत्रांत येत होतंच. बाबांच्या गाडीचे पुढचे दोन टायर पार गुळगुळीत झाले होते. नक्षीच्या खाचांमध्ये तळाशी रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून त्या पट्ट्यांना टेकली की टायर संपला. आमच्या पुढच्या टायरवर नक्षी कुठली आणि पट्टी कुठली हेच कळेना.

दुकानदारानं माप पाहिलं, १६५/८० आर १४, आणि आतून दोन टायर आणून ठेवले. भाव चांगला सांगितला. जरा जास्तच चांगला. मी वाकून कडेवरचा मजकूर शोधायला लागले. बाहेरच्या बाजूला ‘डीओटी’ ही अक्षरं होती, पुढे थोडा कोड, आणि मग काहीच नाही. टायर उलटा केला तेव्हा आतल्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे सापडले : १४२१. म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. दुसऱ्या लाटेच्या ऐन तोंडावर बनलेला टायर पावणेतीन वर्षांनी माझ्यासमोर ‘नवीन’ म्हणून उभा होता.

“ताई, एकदम नवीनच आहेत, रस्त्याला लागलेलेच नाहीत,” दुकानदार म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. ‘नवीन’ म्हणजे न वापरलेला, हा त्याचा अर्थ. माझा अर्थ वेगळा होता. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही बाजू प्रामाणिक. साधनांमध्ये हे किती वेळा होतं, याची सवय करून घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे. ही तारीख तिथे आलीच कशी? कंपनीला तर ती छापायची हौस असण्याचं काही कारण नाही. जुना माल विकायला अडचणच होते तिची. म्हणजे कोणीतरी छापायला लावली असणार. दस्तऐवज हातात आला की ‘यात काय लिहिलंय’ याआधी ‘हे लिहायला कोणी भाग पाडलं’ हे विचारा. सक्तीनं लिहिलेला मजकूर आणि हौसेनं लिहिलेला मजकूर यांची किंमत वेगळी असते. त्याच टायरवर मोठ्या उठावदार अक्षरांत ब्रँडचं नाव होतं, ती हौस. चार आकडे बारीक, आतल्या अंगाला, ती सक्ती.

डीओटी म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं. तिथे १९६६ मध्ये वाहन-सुरक्षेचा कायदा झाला, १९७० मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि १९७१ पासून प्रत्येक टायरवर ओळख क्रमांक घालणं बंधनकारक झालं. कुठल्या कारखान्यात, कुठल्या आठवड्यात बनला, सगळं त्यात. हेतू साधा होता. माल सदोष निघाला तर तो कोणाकडे गेलाय ते शोधता यावं आणि परत मागवता यावा. त्यासाठी विक्रेत्यानं गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता नोंदवायचा होता. कागदावर सुरेख व्यवस्था. पण १९८२ मध्ये स्वतंत्र विक्रेत्यांवरची ही सक्ती काढली. त्यांनी फक्त एक छापील कार्ड गिऱ्हाइकाला द्यायचं, आणि ते भरून पाठवायचं काम गिऱ्हाइकाचं. आता असं कार्ड किती जण भरून टाकत असतील, तुम्हीच सांगा. तुमच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड कुठे आहे?

तारखेचीही एक गंमत आहे. २००० पूर्वी ती तीनच आकड्यांची होती : दोन आठवड्याचे, एक वर्षाचा. म्हणजे ‘२३८’ दिसलं तर तेविसावा आठवडा, आणि वर्ष आठ. कुठलं आठ? १९७८, १९८८ की १९९८? लिहिणाऱ्याच्या डोक्यात टायर दहा वर्षं टिकेल ही शक्यताच नव्हती, म्हणून त्यानं दशक लिहिलं नाही. जुन्या पत्रांवर नुसती तिथी आणि वार असतो, शक नसतो, तसंच हे. ज्याला आपण अपुरी नोंद म्हणतो ती त्या काळच्या वाचकाला पुरेशी होती. चौथा आकडा २००० पासून आला.

पण या सगळ्या सक्तीमागे नुसता कायदा नाही, एक मोठं प्रकरण आहे, आणि संशोधन-पद्धतीच्या तासाला मी ते दर वेळी वापरते : फायरस्टोन ५००.

थोडी पार्श्वभूमी. जुन्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरके, एकमेकांवर आडवे जात. मिशलॅं कंपनीनं १९४६ मध्ये रेडियल रचनेचं पेटंट घेतलं : धागे सरळ कडेपासून कडेपर्यंत, आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा. हा टायर जास्त टिकतो, इंधनही कमी खातो. युरोपात तो रुजला, अमेरिकन कंपन्या मात्र बरीच वर्षं टाळत राहिल्या, कारण त्यासाठी यंत्रसामग्री बदलावी लागते. सत्तरच्या दशकात टाळणं अशक्य झालं. फायरस्टोननं १९७२ च्या सुमारास ‘५००’ नावाचा पोलादी रेडियल घाईनं बाजारात आणला. यात कळीचा भाग म्हणजे रबर आणि पोलाद यांची पकड. नुसत्या पोलादाला रबर नीट धरत नाही, म्हणून तारांना पितळेचा मुलामा देतात. ही पकड सुटली की पट्टा आणि वरची नक्षी धावत्या टायरवरून सोलून निघते. या टायरचं नेमकं तेच होऊ लागलं.

तक्रारी साचल्या, अपघात झाले, माणसं गेली. कंपनीचं उत्तर असं की गिऱ्हाइकं हवा कमी ठेवतात, गाडीत जास्त माणसं भरतात, टायर फुटपाथवर चढवतात. मग रस्ता-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं पोलादी रेडियल वापरणाऱ्या सुमारे ८७ हजार गाडीमालकांना प्रश्नावली पाठवली. उत्तरं अगदी थोड्यांची आली. त्या उत्तरांत फायरस्टोनची स्थिती इतरांपेक्षा वाईट दिसत होती. कंपनी कोर्टात गेली : हे सर्वेक्षण शास्त्रीय नाही, प्रसिद्ध करू नका.

इथे थांबा आणि प्रामाणिकपणे सांगा, कंपनीचं म्हणणं चूक होतं का? ज्याचा टायर फुटलाय तोच प्रश्नावली भरायला बसतो. ज्याचा नीट चाललाय तो ती रद्दीत टाकतो. हा प्रतिसादाचा कल आपण सगळे शिकतो, आणि आक्षेप म्हणून तो बरोबरच आहे. पण हा कल सगळ्याच कंपन्यांच्या गिऱ्हाइकांना लागू होतो ना? मग कंपन्या-कंपन्यांमध्ये इतका फरक का पडावा? एकूण किती टक्के टायर सदोष, हे त्या सर्वेक्षणावरून सांगता येणार नाही; कोणाचे टायर इतरांपेक्षा जास्त संशयास्पद, हा इशारा मात्र मिळतो. वाईट साधन आणि निरुपयोगी साधन यात फरक असतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रकरणात मी एक अख्खी नोंदवही ‘पक्षपाती’ म्हणून बाजूला टाकली होती. मार्गदर्शकांनी एकच वाक्य लिहून परत पाठवलं : पक्षपात कुठल्या दिशेचा आहे ते कळलंय ना, मग वापर की.

शेवटी निर्णायक ठरले ते कंपनीच्याच घरातले कागद. टायर-विकास विभागाच्या संचालकानं १९७२ च्या नोव्हेंबरमध्येच वरिष्ठांना लिहिलं होतं की आपला रेडियल हलक्या दर्जाचा आहे, आणि पुष्कळ धावल्यावर पट्ट्याची कड सुटण्याचा धोका आहे. टायर बाजारात येऊन फार दिवसही झाले नव्हते. बाहेर एक बोलणं आणि आत दुसरं लिहिणं, हे असं शेजारी-शेजारी ठेवायला मिळणं इतिहासकाराच्या नशिबात क्वचित येतं. १९७८ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि त्याच वर्षी कंपनीनं टायर परत घ्यायचं कबूल केलं. १ कोटी ४५ लाख हा आकडा सगळीकडे दिला जातो. तो वापराल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की त्यातले पुष्कळ टायर तोवर झिजून भंगारात गेलेले होते. परत मागवलेले आणि परत आलेले हे दोन वेगळे आकडे आहेत.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. चौकशी चालू असतानाच, १९७८ मध्ये, दक्षिणेकडच्या काही शहरांत हाच टायर निम्म्या किमतीत विकून साठा संपवला जात होता. ‘भाव जरा जास्तच चांगला’ याचा अर्थ मी तेव्हापासून शिकले आहे.

२००० मध्ये तीच कंपनी (तोवर ती जपानी ब्रिजस्टोनची झाली होती), फोर्ड एक्सप्लोरर ही गाडी, आणि पुन्हा नक्षी सोलून निघणं. ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकेतल्या सरकारी नोंदीत मृत्यूंचा आकडा २७१ वर गेला. आणि पुन्हा हवेचा वाद : फोर्डनं २६ पौंड हवा सांगितली होती, टायर कंपनी म्हणाली ३० हवी होती. हवा कमी असली की टायर तापतो हे खरंच आहे, त्यात वादच नाही. पण खरं कारण आणि सोयीचं कारण एकच असू शकतं, हे विसरू नका. या वेळी लोकांना आपला टायर यादीतला आहे का हे पाहायला गाडीखाली सरपटावं लागलं, कारण पूर्ण क्रमांक एकाच बाजूला आणि तोही पुष्कळदा आतल्या. त्यानंतर अमेरिकेत नियम बदलून पूर्ण क्रमांक बाहेरच्या बाजूला आणला. म्हणजे एका ओळीची टायरवरची जागा बदलायलासुद्धा एवढं सगळं घडावं लागलं.

टायरवर आणखी एक आकडा दिसेल, ‘ट्रेडवेअर ३४०’ किंवा ‘४००’ वगैरे. दुकानात सांगतात की ४०० म्हणजे ४० हजार किलोमीटर. अजिबात नाही. हा गुणोत्तराचा आकडा आहे. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर एका प्रमाण-टायरबरोबर चालवून पाहायचं, प्रमाण-टायर म्हणजे १००. वर हा आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते. चाचण्यांचे निकाल फार कमी-जास्त होतात म्हणून १९८३ मध्ये अमेरिकन सरकारनं हे आकडे स्थगित केले, आणि पुढच्या वर्षी कोर्टानं ती स्थगितीच रद्द केली. इतक्या भांडणातून वाचलेला आकडा आहे तो. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला ठीक, दोन कंपन्यांचे पाहायला सावधपणे. आपल्याकडे कारच्या टायरवर आयएसआयची सक्ती आहे, ती खूण वेगळी. ती किमान दर्जा सांगते, टिकाऊपणाची चढाओढ नाही.

तर दुकानात काय झालं? पावणेतीन वर्षांचा टायर सावलीत, नीट ठेवलेला असेल तर तो लगेच वाया जात नाही, हे मलाही माहीत होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाव्या वर्षी काहीही झालं तरी काढा, असं काही कंपन्या स्वतःच सांगतात. पण आमची गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालते. नक्षी झिजण्याआधी रबरच म्हातारं होणार. जो रोज शंभर किलोमीटर चालवतो त्यानं तोच टायर स्वस्तात खुशाल घ्यावा. मी नको म्हटलं. बाबा कानात म्हणाले, “अगं, एवढं कोण बघतं?” मी म्हटलं, “बाबा, माझं कामच ते आहे.”

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं दुसरे मागवले. ४७२३, नोव्हेंबर २०२३. भारांक ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. वेगाचं अक्षर टी, म्हणजे १९० पर्यंत. कारखान्यातून गाडीला आले होते तेवढेच. मग नवे दोन कुठे बसवायचे यावर अर्धा तास गेला. तो म्हणे पुढे, कारण इंजिन पुढे ओढतं. मी म्हटलं मागे, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सरकलं तर गाडी गरकन फिरते आणि सावरता येत नाही; पुढचं सरकलं तर निदान ब्रेक दाबून कळतं तरी. शेवटी मागचे दोन बरे होते ते पुढे आले, नवे मागे गेले.

बिलावर फक्त ‘टायर नग २’ एवढंच होतं. मी त्याला पूर्ण क्रमांक लिहून द्यायला सांगितला. तो थोडा वैतागला, मग मोबाइलचा टॉर्च लावून जमिनीवर बसला, आणि बॉलपेननं बिलाच्या पाठीमागे दोन्ही ओळी उतरवल्या. दुसऱ्या ओळीत एक अक्षर त्यानं चुकवलं होतं. घरी येऊन मी ते मूळ प्रतीशी, म्हणजे टायरशी, ताडून दुरुस्त केलं आणि बाजूला तारीख घातली.