स्त्रियांमधील हार्ट अटॅक: लक्षणे, धोके आणि तपासण्या

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात जगभरात स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वात मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे. या समजामुळे निदानाला उशीर होतो आणि तेवढ्या वेळात हृदयाच्या स्नायूचे कायमचे नुकसान होऊ शकते.

लक्षणे कोणती?

छातीत दुखणे, दाब येणे किंवा आवळल्यासारखे वाटणे हे स्त्रियांमध्येही सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. मात्र त्याच्या जोडीला, कधी त्याच्याशिवायही, पुढील त्रास होऊ शकतो:

• धाप लागणे
• जबडा, मान, खांदे, हात किंवा पाठीचा वरचा भाग दुखणे
• मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात जळजळ
• दरदरून घाम येणे, चक्कर येणे
• कारण नसताना खूप थकवा येणे

हा त्रास ‘पित्त झाले’ किंवा ‘दगदग झाली’ म्हणून अंगावर काढला जातो. मधुमेह असल्यास छातीतील वेदना कमी जाणवू शकते, म्हणून अधिक सावध राहा.

अशा वेळी काय करावे?

लक्षणे अचानक सुरू झाली आणि काही मिनिटांत थांबली नाहीत, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. रुग्णाला गाडी चालवू देऊ नका. रुग्णालयात पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी अटॅक नाही असे ठरत नाही. त्रास चालू असल्यास तो पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासतात.

धोका कोणाला जास्त?

उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा आणि तंबाखू हे धोके स्त्री-पुरुष दोघांनाही आहेत. मिश्री हीदेखील तंबाखूच आहे, हे विसरू नका. स्त्रियांमध्ये आणखी काही गोष्टी धोका वाढवतात:

• गरोदरपणात वाढलेला रक्तदाब किंवा झालेला मधुमेह
• लवकर, विशेषतः चाळिशीच्या आत, पाळी बंद होणे
• पीसीओएस
• संधिवात (ऱ्हुमॅटॉइड) किंवा ल्युपस

बाळंतपणानंतर रक्तदाब, साखर पूर्ववत झाली तरी पुढील आयुष्यातील धोका पूर्णपणे संपत नाही. त्यामुळे ही माहिती डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत दुखते?

मोठ्या रक्तवाहिनीत ब्लॉक नसतानाही हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो. काही तरुण स्त्रियांमध्ये, कधी बाळंतपणानंतर, रक्तवाहिनीचा आतला थर फाटून अटॅक येतो. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता कमकुवत होणे, म्हणजेच ‘टाकोत्सुबो’, हा विकार प्रामुख्याने पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये दिसतो. म्हणून ‘ब्लॉक नाही’ एवढ्यावर थांबू नका. दुखण्याचे कारण काय आणि पुढे कोणती तपासणी करायची, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

लक्षात ठेवा

रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल नियमित तपासा. हृदयाची किंवा रक्तदाबाची काही औषधे गरोदरपणात चालत नाहीत. मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोला, पण औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि घरातील बाई ‘मला काही झालं नाही’ म्हणाली, तरी वरील लक्षणे दिसत असतील तर तिला दवाखान्यात न्या.