निरक्षराचे मत

ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याने कोणासही न विचारता आपले गुप्त मत द्यावे कसे? 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपुढे हा बिकट प्रश्न होता. कारण देशात शंभरांत सुमारे 18 माणसेच साक्षर होती. तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील मंठाळसारख्या गावी तर मराठी, कानडी व उर्दू या तिन्ही भाषा नांदत. तेथे एका लिपीने भागणारे नव्हते.

तोडगा साधा निघाला. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी व तिच्यावर त्याचे चिन्ह. मतपत्रिका त्या पेटीत टाकली की झाले. मुंबईस विक्रोळी येथे गोदरेजच्या कारखान्यात अशा बारा लाखांवर पेट्या घडल्या. परंतु पेट्यांचा पसारा फार होई. म्हणून 1962 मध्ये एकाच पत्रिकेवर सर्व चिन्हे आली आणि मतदार शिक्का मारू लागला.

1982 मध्ये केरळातील परवूर येथे मतदान यंत्र प्रथम वापरले गेले. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर पोहोचले. चिन्हाशेजारची निळी कळ दाबावी, तोच तांबडा दिवा लागतो व दीर्घ नाद होतो: मत नोंदले गेल्याची ही पोच निरक्षरासही कळते.

मतदार साक्षर होईपर्यंत त्याचा हक्क अडवून ठेवला गेला नाही. त्याला उमगेल असे साधनच घडविले गेले, हेच या इतिहासाचे मर्म होय.