मेझे: वाटसरूंनी मांडलेले ताट

स्टेशनाजवळचे खाणे म्हणजे घाईचे खाणे, हा समज मुंबईकराच्या अंगात मुरलेला असतो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवरच्या एजवेअर रोडवर तो टिकत नाही. तिथल्या उंची लेबनीज रेस्तराँमध्ये हमस, ताब्बुले, लब्ने, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात अशा लहान लहान बशांनी टेबल भरून जाते आणि मंडळी रात्री उशिरापर्यंत उठत नाहीत. ‘मेझे’ म्हणतात ती ही मांडणी लेव्हंटच्या, म्हणजे पूर्व भूमध्य किनाऱ्यावरच्या, घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. हे ताट वाटसरूंसाठी मांडले गेले आणि त्यांच्याच मागोमाग ते लंडनला पोचले.

त्याची सुरुवात लेबनॉनच्या बिका खोऱ्याकडेला वसलेल्या झाहले गावात शोधावी लागते. बैरूत-दमास्कस गाडीरस्ता 1863 मध्ये पुरा झाला, 1895 मध्ये त्याच दिशेने डोंगर चढणारी रेल्वे आली आणि झाहलेलगतच्या मुअल्लकाला स्टेशन मिळाले. थंड हवा, बर्दौनी नदीचे पाणी, भोवती द्राक्षमळे, त्या द्राक्षांचा बडीशेपेच्या वासाचा अरक. उन्हाळ्यात पाहुणे येऊ लागले नसते तरच नवल. क्लॉडिया रोडेन या खाद्य-इतिहासकार नोंदवतात की 1920 मध्ये नदीकाठी पहिली दोन कॅफे उघडली आणि अरकाबरोबर दाणे, ऑलिव्ह, चीजचे तुकडे, कच्च्या भाज्या देऊ लागली. मग काठ कॅफेंनी भरला. गिऱ्हाईक शेजारी जाऊ नये म्हणून प्रत्येकाने बशा वाढवल्या, गावाकडचे दलियाचे आणि दह्याचे पदार्थही त्यांत आले. पुढे हाच नमुना देशभर आणि देशाबाहेर उचलला गेला.

यावर कोणी म्हणेल, दारूबरोबर चखणा उस्मानी काळातल्या इस्तंबूलच्या गुत्त्यांतही मिळत होता आणि हमस तर कितीतरी जुने. दोन्ही खरे आहे. पण पदार्थ जुना असणे वेगळे आणि वीस पदार्थ एकाच वेळी टेबलावर असणे वेगळे. ताब्बुलेसाठी जुड्याच्या जुड्या पार्स्ली बारीक चिरायची, द्राक्षाची पाने एकेक भरायची, किब्बेसाठी मांस कुटायचे: हे सारे रोजच्या रोज एका गृहिणीच्या हातून होणारे नाही. त्याला पगारी हात लागतात आणि रोजचे गिऱ्हाईक लागते. शिवाय यातले पुष्कळसे पदार्थ थंडच वाढायचे, सकाळीच करून ठेवता येणारे. पाहुणा बसला की लगेच काही पुढ्यात येते. दोघे आले काय, बारा आले काय, बशा तेवढ्या वाढवायच्या. अर्ध्या तासात उठणाऱ्याची सोय होते आणि चार तास बसणाऱ्याचीही. कोण कधी येईल याचा नेम नसलेल्या जागीच अशी पद्धत रुजते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एजवेअर रोडवर लेबनीज आचारी आले ते युद्धामुळे, रेल्वेमुळे नव्हे. पॅडिंग्टनची आजची इमारत 1854 ची. ‘मारूश’ हे तिथले नामांकित रेस्तराँ उघडले 1981 मध्ये, म्हणजे लेबनॉनचे यादवी युद्ध (1975–1990) ऐन भरात असताना. आणि विमानतळाहून पॅडिंग्टनला थेट येणारी हीथ्रो एक्सप्रेस तर 1998 ची. स्टेशनाने रेस्तराँ जन्माला घातले असे म्हणणे म्हणूनच चूक ठरेल. पण आचाऱ्यांना गिऱ्हाईक कुठले मिळाले, हेही पाहायला हवे. लेबनॉनच्या डोंगरात उन्हाळा घालवणारी आखाती कुटुंबे 1973 नंतर तेलाच्या पैशामुळे अधिक संपन्न झाली होती, आणि युद्धाने त्यांची ती वाट बंद केली. लंडन त्यांचे उन्हाळी ठिकाण झाले. युद्धाने आचारी हलवला, पण त्याची चूल पेटती ठेवली ती याच जुन्या पाहुण्याने.

लेबनीज पाककृतींची पुस्तके या ताटाचे श्रेय बहुधा आजीच्या हाताला देतात. पदार्थांपुरते ते रास्तच आहे. मांडणीचे श्रेय मात्र बर्दौनीकाठच्या हॉटेलवाल्यांचे आहे आणि ते त्यांना मिळायला हवे.