हिऱ्याचे पैलू आणि गुणांचे गणित

आपल्या ज्ञातीत सुवर्णकारांची व सराफांची घराणी पुष्कळ. म्हणून रत्नपरीक्षेत झालेले स्थित्यंतर ज्ञातिबांधवांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बुद्धभट्टाच्या ‘रत्नपरीक्षा’ ग्रंथात सहा कोन, आठ फलक व बारा धारा असलेला हिरा श्रेष्ठ मानला आहे. हे निसर्गदत्त रूप होय. पुढे पैलू पाडतानाही आपल्याकडे वजन राखण्यावरच भर असे. याउलट, १८५२ साली लंडनमध्ये कोहिनूर पुन्हा घासला गेला, तेव्हा सुमारे १९१ कॅरटांचा तो १०६ कॅरटांवर आला. तेज हवे, तर वजनावर पाणी सोडावे लागते.

उतार किती ठेवावेत, याचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडले : वरचा ३४.५ अंश, खालचा ४०.७५ अंश. खालचा उतार चुकला की प्रकाश तळातून निसटतो. २००६ पासून जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका गोल हिऱ्यांच्या घडणीस पाच श्रेणी देते. हॉलोवे यांचे संगणकीय साधन मापांवरून गुण देते. तेथे कमी गुण हे सरस हिऱ्याचे लक्षण मानले जाते.

परंतु ही साधने म्हणजे चाळणी. मापे सरासरीची असतात. एखादा पैलू तिरका पडला असल्यास तो डोळ्यांनाच दिसतो. तथापि केवळ वजनावर भाव सांगून निस्तेज हिरा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला, तर पिढ्यांची पत जाते. तरुणांनी वडिलांची नजर आणि नवे गणित दोन्ही आत्मसात करावीत, एवढीच आमची विनंती.